पियानोला धार

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी स्टुडिओच्या दोन नंबरच्या स्टेजवर एक बाई हसली.

त्या वेळी लाल दिवा लागलेला होता. दारं बंद होती, पंखे बंद होते आणि काम करणाऱ्या सगळ्यांनी बुटांवरून लोकरीचे मोजे चढवले होते. ऑर्व्हिल टेबेट्स पियानोचे सूर जुळवणाऱ्या कारागिराच्या वेषात, हातात कातड्याची पिशवी घेऊन, एका श्रीमंत विधवेच्या दिवाणखान्यात उभा होता. दिवाणखान्याला तीनच भिंती होत्या. चौथीच्या जागी कॅमेऱ्याची बंद खोली होती, दिग्दर्शक क्लाइड पर्डम होता आणि एक काळा फळा होता. फळ्यावर खडूने लिहिलेलं स्पॅनिश वाक्य टेबेट्सने नुकतंच म्हणून संपवलं होतं. त्याने टोपी काढली होती, विधवेचं काम करणाऱ्या नटीपुढे तो अदबीने वाकला होता आणि सरळ होऊन थांबला होता. त्या थांबण्यात हसू आलं. मोठं नव्हतं. आधी नाकातून फुटलं, मग तोंडावर हात गेला असावा, आणि उरलेलं बोटांच्या फटींतून बाहेर आलं. ध्वनियंत्रावरच्या माणसाने घंटा दाबली. पर्डमने शॉट तोडला आणि आवाज न चढवता विचारलं, "कोण होतं?"

कापडी भिंतीमागे मोलकरणींच्या वेषात उभ्या असलेल्या चौघींपैकी एक पुढे आली. "मी," ती म्हणाली. पर्डमच्या मदतनिसाने तिला दाराकडे बोट दाखवलं. तिने कमरेचा पांढरा एप्रन सोडला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला आणि ती गेली. टेबेट्सला तिची पाठ आणि जाड वेणी तेवढी दिसली. आपण काहीतरी बोलायला हवं होतं हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. त्याच्या मनात पहिल्यांदा जे आलं त्यात ती बाई नव्हतीच. हसू वेळेवर आलं, एवढंच त्याच्या मनात आलं.

वेळेवर म्हणजे काय हे त्याला आक्सेल लिंडक्विस्टने शिकवलं होतं, तेही न शिकवता. लिंडक्विस्ट कॅमेरामन. मूकपटांच्या दिवसांत तो कॅमेऱ्यामागे उघड्यावर उभा असायचा, उजव्या हाताने दांडा फिरवायचा, आणि टेबेट्स समोर काहीतरी करत असला की तो हसायचा. पोट हलायचं, खांदे हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, पण दांडा फिरवणारा हात घड्याळासारखा चालू राहायचा. सगळे त्या हाताचं कौतुक करायचे. टेबेट्सला हाताशी कर्तव्य नव्हतं. तो पोटाकडे कान लावून काम करायचा. लिंडक्विस्टने नुसता घशातून आवाज काढला की समजायचं, बरं आहे पण लांबलंय. तो गप्प राहिला तर खुर्चीवरून पडणं सोडून द्यायचं आणि खुर्चीलाच पडू द्यायचं. आणि तो मनापासून हसला की तिथेच थांबायचं, एक बोटही पुढे हलवायचं नाही. शिवाय सुतार असायचे, दिवे धरणारे असायचे, शेजारच्या पटातल्या नट्या डोकावायच्या, पर्डम ओरडून पुढचं सांगायचा. सगळा गोंगाट. त्या गोंगाटात टेबेट्सने शंभराहून जास्त छोटे पट केले, आणि आपल्याला कान आहेत म्हणून ते झाले असं कधी त्याच्या मनातही आलं नाही. पट मुका होता ना. कानांचा काय संबंध?

बोलपट आले तशी पहिली गोष्ट झाली ती ही, की स्टेजवर सगळे गप्प झाले. लिंडक्विस्टला कॅमेऱ्यासकट एका चाकांच्या खोलीत कोंडलं. भिंतींना आतून गाद्या, पुढे जाड काच. कॅमेऱ्याची घरघर बाहेर येऊ नये म्हणून केलेली खोली, पण तीतून काहीच बाहेर यायचं नाही आणि आतही काही जायचं नाही. टेक संपला की दार उघडायचं आणि लिंडक्विस्ट भिजलेल्या शर्टाने बाहेर येऊन पायरीवर बसायचा. टेक चालू असताना काचेआड त्याचं तोंड उघडं दिसे. तो हसतोय की त्याला हवा पुरत नाहीये हे टेबेट्सला कळत नसे. बाकीचे ओठ दाबून उभे. सुरुवातीला काही जण रुमाल चावायचे, आणि तो रुमाल पाहून टेबेट्सला धीर यायचा. मग त्यांनाही सवय झाली. आता ते रुमालाशिवाय गप्प राहू शकत होते.

आणि थांबायचं तर होतंच. मूकपटात लोक हसले काय, नाही हसले काय, पुढचं चित्र दिसायचंच. बोलपटात लोक हसले की पुढचं वाक्य हशात बुडतं. म्हणून वाक्य झाल्यावर जागा सोडायची. पर्डमने त्यासाठी सोय काढली होती. तो कॅमेऱ्याच्या खोलीशेजारी खाली बसायचा आणि टेबेट्सला दिसेल अशी एकेक करून बोटं उघडायचा. छोट्या हशाला दोन बोटं, मोठ्याला तीन. तिसरं बोट उघडलं की पुढचं बोलायचं. आठ महिने टेबेट्स पर्डमच्या बोटांना विनोद सांगत आला होता. मागच्या आठवड्यात हाच पियानोवाल्याचा पट इंग्रजीत पुरा करून पॅसाडिनाच्या एका थिएटरात अजमावून पाहिला. तिथे टेबेट्स मागच्या रांगेत बसला होता. पडद्यावर त्याने वाक्य म्हटलं आणि तो तीन बोटं थांबला. लोक हसले नाहीत. चिडलेही नाहीत, नुसते बसून राहिले. आणि पडद्यावर तो, घराएवढा मोठा, भुवया किंचित वर करून, एखाद्याने आपल्याला काही द्यावं तसा वाट पाहत उभा. असं पहिल्या रिळात चारदा झालं. पाचव्या वेळी टेबेट्सने पडद्याकडे पाहिलं नाही, आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

ऑफिसने त्यावर काही म्हटलं नाही. हंगामाचा हा शेवटचा पट. पुढच्या वर्षी टेबेट्सचे छोटे बोलपट काढायचे की नाही हे महिनाअखेर ठरायचं होतं, आणि आता टेबेट्स आणि पर्डमच्या हातात फक्त स्पॅनिश आवृत्ती उरली होती. मेक्सिको, क्यूबा, अर्जेंटिना इथे त्याचे मूकपट चालायचे. तिथल्या लोकांना आता आपल्या भाषेत ऐकायचं होतं. म्हणून त्याच दिवाणखान्यात, त्याच पियानोपुढे, भोवती स्पॅनिश बोलणारे नट उभे करून, सगळा पट पुन्हा. टेबेट्सला त्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. त्याची वाक्यं उच्चारांप्रमाणे तुकडे पाडून फळ्यावर लिहीत, आणि तो ती चष्म्याशिवाय, कारण पियानोवाल्याला चष्मा नव्हता, डोळे बारीक न करता वाचत असे.

दुसऱ्या टेकला तेच वाक्य झालं. टोपी, वाकणं, तीन बोटं. कोणी हसलं नाही. "उत्तम," पर्डम म्हणाला. "हा ठेवू."

"पहिलाही धुवायला पाठव," टेबेट्स म्हणाला.

"त्यात ती बाई आहे."

"असू दे."

पर्डमने त्याच्याकडे नीट पाहिलं. बारा वर्षं दोघं एकत्र काम करत होते. "फिल्म काय तुझ्या सासऱ्याची आहे?" तो म्हणाला, पण मदतनिसाला खूण केली.

जेवणाच्या सुट्टीत टेबेट्स सुतारांच्या शेडमागच्या बाकावर गेला. तिथे उन्हात सेन्योरा आर्मेंता एकटी जेवायला बसते हे त्याला माहीत होतं. ती उच्चारांची शिक्षिका. पूर्वी मेक्सिकोत, एर्मोसियोला शाळेत शिकवायची. तिकडच्या क्रांतीच्या धामधुमीत गाव सोडून उत्तरेला आली होती. फळ्यावरचं अक्षर तिचं. तिने कापडात गुंडाळलेल्या मक्याच्या पोळ्या काढल्या होत्या आणि त्यात घेवड्याची उसळ भरत होती. टेबेट्सने आपलं अंड्याचं सँडविच उघडलं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

"सेन्योरा, सकाळी मी काय म्हटलं?"

"कधी?"

"ती हसली तेव्हा."

"जीभ घसरली तुमची. दुसऱ्या वेळी बरोबर म्हणालात."

"काही अचकट विचकट बोललो का?"

"अगं बाई, नाही हो! तसलं बोलला असतात तर ती हसली नसती. छातीवर क्रूस काढून बाहेर गेली असती."

"मग?"

तिने बोटं पुसली. ती सांगावं की नाही याचा विचार करत नव्हती, कसं सांगावं याचा करत होती. "तुमचं वाक्य काय? बाईसाहेब, मी पियानोचे सूर जुळवायला आलोय. सूर जुळवणं म्हणजे आफिनार. तुम्ही म्हणालात आफिलार."

"एका अक्षराचा फरक."

"एकाच. आफिलार म्हणजे धार लावणं. सुऱ्यांना, कात्र्यांना. आमच्याकडे धारवाला शिट्टी वाजवत गल्लीत येतो, मग बायका सुऱ्या घेऊन बाहेर धावतात. तुम्ही टोपी काढून, इतकं वाकून म्हणालात, बाईसाहेब, मी आपल्या पियानोला धार लावायला आलोय."

टेबेट्स हसला नाही. धंद्यातला माणूस दुसऱ्याच्या दुकानातलं कापड बोटांत धरून पाहतो तसं त्याने ते वाक्य मनात धरून पाहिलं. चांगलं होतं. पर्डमच्या टेबलाभोवती विनोद सुचवायला पगारी माणसं बसायची, त्यांना आठ महिन्यांत असं काही सुचलं नव्हतं.

"तुम्ही हसलात?"

"मी मास्तरीण आहे. मी चुका धरते." मग ती म्हणाली, "हसले. आतल्या आत."

"शब्दाला, की मला?"

"तुमच्या तोंडाला. शब्द चुकलेला आणि तोंड अगदी बरोबर. बँकेतला माणूस कर्ज नाही म्हणताना करतो तसं गंभीर." तिने पोळी गुंडाळली. "ती एउलालिया बोहोर्केस. शिवणकाम करते, मध्येमध्ये इथे येते. आता तिला परत कोण बोलावतंय."

"मी बघतो."

"बघतो म्हणू नका, सेन्योर. इथे सगळेच बघतो म्हणतात."

त्याने लगेच उठून मदतनिसाला गाठलं आणि बाईला उद्या परत बोलवायला सांगितलं. काम एवढं सोपं होतं की त्याला सकाळची स्वतःची गप्प उभी असलेली आकृती पुन्हा आठवली. दुपारभर तो फळ्यावरची वाक्यं म्हणत राहिला. एकही चुकलं नाही. एखादं चुकावं म्हणून त्याने चष्मा लावायचं मुद्दाम टाळलं, आणि मग लक्षात आलं की तो तसाही लावत नव्हता.

घरी संध्याकाळी उजेड असतानाच जेवायची त्यांची पद्धत होती. नेटी, त्याची बायको, पूर्वी रंगमंचावर त्याची जोडीदारीण होती. गावोगावच्या नाटकगृहांत तो वेडंवाकडं बोलायचा आणि ती सरळ चेहऱ्याने विचारायची, म्हणजे काय? त्या "म्हणजे काय"वर त्यांनी सहा वर्षं पोट भरलं. मग तो सिनेमात आला आणि ती घरी राहिली. तिचं त्यावर काही म्हणणं असलं तर तिने ते सांगितलं नव्हतं. खिडकीबाहेर शेजाऱ्याचा माळी पाइपने गवत भिजवत होता. पाण्याचा आवाज एकसारखा होता आणि टेबेट्सला बरा वाटत होता.

"मटार दे," तो म्हणाला.

नेटीने मटार दिले नाहीत. काटा खाली ठेवला. "ऑर्व, तू परत करतोयस."

"काय?"

"थांबतोयस. वाक्य संपलं की थांबतोस आणि माझ्याकडे बघतोस. मटार दे म्हणालास आणि थांबलास. मटारात हसण्यासारखं काय आहे?"

त्याला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणताना आपण परत थांबलो की काय अशी भीती वाटून तो घाईघाईने बोलत सुटला आणि सकाळचं सगळं सांगून मोकळा झाला. बाईचं हसणं, आफिनार, आफिलार, धारवाल्याची शिट्टी. नेटीने ऐकून घेतलं.

"परत म्हण ते. इंग्रजीत."

तो उभा राहिला. टोपी नव्हती, म्हणून नॅपकिन काढल्यासारखा केला. "बाईसाहेब, मी आपल्या पियानोला धार लावायला आलोय."

"चांगलं आहे," ती म्हणाली. तिने आता मटार पुढे केले. "पण तुला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"की ते चांगलं आहे. माहीत असलं की तुझ्या भुवया हलतात. आत्ता हलल्या." तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. हवा बदलली असं सांगावं तसं तिने ते सांगितलं. "सकाळी हलल्या नसणार."

तो खाली बसला. मटार थंड झाले होते. सहा वर्षं या बाईने लोकांपुढे त्याच्याकडे पाहिलं होतं, त्याच्या भुवयांवरून आपलं वाक्य कधी टाकायचं ते ठरवलं होतं, आणि लोक हसले ते त्यांच्या दोघांमध्ये कुठेतरी. नेमकं कोणाला हसले हे तेव्हा विचारायची गरज पडली नाही. त्याला लहानपणची एक खोली आठवली, झेन्सव्हिलमधली, आजारी असताना तो जिच्यात झोपून असायचा. भिंतीपलीकडे वडील आणि काका पत्ते खेळत आणि मध्येच दोघं हसत. काय झालं ते कळायचं नाही, पण भिंतीला हात लावला की ती थरथरल्यासारखी वाटे. त्याला वाटायचं आपल्याला हसताहेत. मग वाटायचं, हसत असले तर बरंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट दाखवायच्या छोट्या खोलीत दोन्ही टेक लावले. पर्डम होता, सेन्योरा आर्मेंता होती, फिल्म जोडणारी बाई होती, आणि मागे ऑफिसच्या परदेश खात्यातले दोघं येऊन बसले होते. पहिला टेक आला. पडद्यावरचा पियानोवाला वाकला, धार लावायचं म्हणाला, सरळ झाला, थांबला. कुठूनशी एउलालिया हसली, आणि तिच्याबरोबर खोलीतली माणसं हसली. पर्डमसुद्धा. त्याला आता अर्थ कळलेला होता. टेबेट्स पुढच्या खुर्चीत मान न वळवता ऐकत होता. तो तिचं हसू बाजूला काढायचा प्रयत्न करत होता, दुधातून पाणी काढावं तसा. ती आधी हसली आणि ते तिच्यामागून हसले? की ते हसलेच असते आणि ती फक्त आधी पोचली? "परत लावा," तो म्हणाला. परत लावलं. परत हसले, जरा कमी. तिसऱ्यांदा लावा म्हणण्यात अर्थ नव्हता.

"ही कोण हसते?" परदेश खात्यातल्या एकाने विचारलं.

"एक्स्ट्रा आहे," पर्डम म्हणाला. "आवाज चुकून आलाय. दुसरा टेक स्वच्छ आहे."

"स्वच्छ कशाला? हाच ठेवा. झकास हसते. लोकांना कळतं तरी, इथे हसायचं म्हणून."

"उलट आणखी घाला," दुसरा म्हणाला. "बाईला बोलवा, दर ठिकाणी हसू द्या. पॅसाडिनात ही असती तर?"

ते विनोद करत नव्हते. एउलालिया त्या दिवशी आलेलीच होती. लगेच तिला माइकखाली उभं केलं आणि टेबेट्सला तिच्यासमोर. त्याने ठरल्याप्रमाणे मुद्दाम चूक करायची, तिने ठरल्याप्रमाणे हसायचं. लाल दिवा लागला. टेबेट्सने टोपी काढली. आपल्या भुवया कुठे आहेत याची त्याला इतकी स्पष्ट जाणीव होती की जणू त्या कपाळावर चिकटवलेल्या होत्या. तो वाकला, म्हणाला, सरळ झाला. एउलालियाने त्याच्याकडे पाहिलं, मग पर्डमच्या बोटाकडे, आणि दात दाखवायला दंतवैद्यापुढे तोंड उघडावं तसं तोंड उघडून ती तीनदा "हा" म्हणाली. स्टेजवर कोणी हललं नाही. तिचा चेहरा लाल झाला. चार वेळा करून पाहिलं. चौथ्या वेळी ती रडकुंडीला आली आणि सेन्योरा आर्मेंताला स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" टेबेट्सने विचारलं.

"म्हणते, काल साहेब किती छान होते, आज त्यांना बरं नाही का?"

यावर मात्र सुतार हसले. टेबेट्सही हसला. हसून झाल्यावर त्याला आत कुठेतरी अगदी शांत वाटलं, दात काढून झाल्यावर जीभ त्या जागी फिरवताना वाटतं तसं. लिंडक्विस्ट त्याच्या खोलीच्या पायरीवर बसून मानेवर पाणी ओतत होता. टेबेट्स त्याच्याशेजारी जाऊन बसला.

"आक्सेल, काल सकाळी तू हसलास?"

"कधी?"

"आत असताना. मला तुझं तोंड उघडं दिसलं."

"आत मला श्वास घेऊ दे रे बाबा, हसायचं कुठे." लिंडक्विस्टने बाटली त्याच्यापुढे धरली. "मला आत तुझं तोंड हलताना दिसतं फक्त. मासा हलवतो तसं. तू काय बोलतोस ते मला थिएटरात गेल्यावर कळतं."

"पूर्वी हसायचास."

"पूर्वी मी बाहेर होतो," लिंडक्विस्ट म्हणाला. थोडा वेळ तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. आता दांडा नव्हता, मोटर होती. "आणि खरं सांगू का, ऑर्व, कधीकधी मी नुसताच हसायचो. तू तिकडे जीव टाकून करतोयस, म्हटलं जरा बरं वाटेल तुला."

तो हे मैत्रीनेच म्हणाला. टेबेट्स बाटलीतलं पाणी प्यायला आणि त्याने ती परत दिली. शंभराहून जास्त पट त्याच्या डोळ्यांपुढून गेले नाहीत. एकच गेला, ज्यात तो लिंडक्विस्टच्या पोटाकडे कान लावून एका गळक्या होडीत उभा होता आणि पोट हलत होतं. त्यातलं किती खरं होतं? विचारलं असतं तर लिंडक्विस्टला आठवलं नसतं. त्याला राग आला नाही. फक्त यापुढे कोणाला विचारण्यात अर्थ नाही हे त्याच्यापुरतं ठरलं, आणि तो पर्डमला शोधायला निघाला.

पर्डम जोडणीच्या खोलीत होता. टेबेट्सने सांगितलं, पहिला टेक ठेव, त्याच्यातली चूक ठेव, पण बाईचं हसू काढ. फिल्मच्या कडेला एक अरुंद पट्टी असते, तीवर आवाज उमटतो. त्या पट्टीवर काळी शाई फिरवली की तेवढा आवाज मरतो. खरखर बुजवायला जोडणाऱ्या बायका हे रोज करत होत्या.

"डोक्यावर पडलायस का?" पर्डम म्हणाला. "ऑफिसला आवडलंय."

"ऑफिसला ती आवडलीय."

"मग तुझं काय गेलं? रविवारी मेन स्ट्रीटला लावायचंय. तिथे सगळे मेक्सिकन. ते दोघं वहीपेन्सिल घेऊन बसणार. ती हसेल, लोक हसतील, ते खूश होऊन जातील, आणि पुढच्या वर्षी तू आणि मी इथेच असू."

"ती नसताना काय होतं ते मला ऐकायचंय."

"आणि काहीच झालं नाही तर? पॅसाडिना आठवतं ना?"

"आठवतं."

पर्डमने काही वेळ कात्री उघडली, मिटली. "बरं, मधला मार्ग काढू. शाई नको, कात्री लावू. पोकळीच कापून टाकतो. तू म्हणालास की लगेच पुढचं. हसले तर हसले, नाही तर कोणाच्या लक्षातही येणार नाही."

टेबेट्सला हे पटण्यासारखं होतं. कोणालाही पटलं असतं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर रस्त्यावर एक माणूस मोटारीच्या टपावर गादी बांधत होता, आणि ती सारखी एका बाजूला कलत होती.

"नको," तो म्हणाला. "मी थांबलोय तेवढा थांबू दे."

"मग मी काही बघितलेलं नाही," पर्डम म्हणाला, आणि खोलीतून निघून गेला.

जोडणाऱ्या बाईने फिल्म उजेडावर धरली आणि त्याला हसू दाखवलं. कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघा, कुठे दाट, कुठे विरळ, सगळं मिळून दोनेक हात लांब. सुरुवातीला नाकातून फुटलेलं तेही दिसत होतं. बाईने बारीक कुंचला शाईत बुडवला आणि एका टोकापासून सुरुवात केली. टेबेट्स शेवटपर्यंत उभा राहिला.

रविवारी दुपारच्या खेळाला मेन स्ट्रीटवरचं ते थिएटर भरलेलं होतं. माणसं घरदार घेऊन आली होती. मांडीवर मुलं, हातात भोपळ्याच्या भाजलेल्या बिया. टेबेट्स मध्यभागी, कडेची खुर्ची न घेता, दोन कुटुंबांच्या मधे बसला. पडद्यावरच्या खोट्या मिशा आणि टोपी नसली की त्याला कोणी ओळखत नसे. डावीकडच्या म्हाताऱ्याने त्याच्यापुढे बियांची पुडी धरून काहीतरी विचारलं. टेबेट्सने मान डोलावली आणि दोन बिया घेतल्या. परदेश खात्यातले दोघं वरच्या गॅलरीत होते. नेटी आली नव्हती. येते म्हणाली होती, मग म्हणाली, तू माझ्याकडेच बघशील.

दिवे गेले. पट सुरू झाला. पियानोवाला दाराच्या पायपुसण्यावरून घसरला तेव्हा मुलं ओरडली. त्याने घंटेची दोरी ओढली आणि ती हातात आली तेव्हा सगळं थिएटर हसलं. टेबेट्सने ते हसणं जमेस धरलं नाही. पडणं आणि तुटणं कुठल्याही भाषेत चालतं. ते लिंडक्विस्टशिवायही चाललं असतं. विधवा जिना उतरून आली. म्हातारा पुढे वाकला. थिएटरात बिया फोडण्याचा आवाज होता, एक मूल कुरकुरत होतं, आणि टेबेट्सला हे सगळे आवाज वेगवेगळे, एकमेकांत न मिसळता ऐकू येत होते.

पडद्यावरच्या माणसाने टोपी काढली, वाकला, आणि मी आपल्या पियानोला धार लावायला आलोय असं बँकेतल्या माणसाच्या गंभीर तोंडाने म्हणाला. मग तो सरळ झाला आणि थांबला. शाई नीट बसली होती, पट्टीवर काही उरलं नव्हतं. भुवया हलल्या नाहीत. टेबेट्सने गुडघ्यांकडे पाहिलं नाही. बिया फोडण्याचा आवाज थांबला, आणि मागच्या कुठल्यातरी रांगेत कोणीतरी मोठा श्वास आत घेतला.